घरचा ड्रायव्हर

पिंपळीच्या सर्जेरावाला गप्प बसणं कधी जमलंच नाही. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, पुढं ट्रॅक्टरचा दणदणाट, अशात सोमेश्वरनगरच्या कारखान्याकडं निघालेला हा माणूस वाटेतल्या टपरीवाल्याला चहाची ऑर्डर सोडायचा, समोरून येणाऱ्याला त्याच्या सासुरवाडीची खुशाली विचारायचा, आणि कुणीच भेटलं नाही तर रस्त्यातल्या म्हशींना बाजूला व्हायची विनंती करायचा. म्हशी बाजूला व्हायच्या नाहीत, पण सर्जेराव बोलायचा थांबायचा नाही.

असा माणूस मोठ्या गाडीवरचा गणवेशवाला शोफर व्हायला निघाला, तेव्हा गावानं पोटभर हसून घेतलं.

त्याचं झालं असं. कारखान्यावर कसलासा कार्यक्रम होता. ट्रॅक्टरची रांग लागलेली, सर्जेराव बॉनेटवर बसून दाढीचे खुंट खाजवतोय, तेवढ्यात फाटकातून एक काळीभोर गाडी आत आली. पुढून पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला, टोपीवाला ड्रायव्हर उतरला. घाई नाही, गडबड नाही. गाडीला वळसा घालून त्यानं मागचं दार उघडलं आणि असा काही उभा राहिला, की आतून उतरलेल्या पाहुण्याकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. सगळी रांग ड्रायव्हरकडं बघत राहिली. सर्जेरावाच्या अंगात ग्रीसचे डाग पडलेला बनियन होता आणि केसांत पाचट. त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. आपण हेच व्हायचं.

बारामतीत निकिता मॅडमची कंपनी होती. भारी गाड्या, ड्रायव्हरसकट, भाड्यानं. मॅडम वयानं लहान, पण बोलणं तोलूनमापून. ट्रॅक्टरवाला माणूस बघून त्यांनी नकार द्यायला तोंड उघडलं होतं, पण मग गंमत म्हणून त्या म्हणाल्या, "ती गाडी रिव्हर्स घेऊन शेडमध्ये लावून दाखवा." शेड अरुंद, गाडी लांब. सर्जेरावानं दोन ट्रॉल्या मागं सारत आयुष्य काढलेलं. गाडी एका दमात आत गेली. गेली ती ठीक, पण जाताना त्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढून सवयीनं "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या" असं स्वतःलाच ओरडून सांगितलं.

"चालवता चांगलं," मॅडम म्हणाल्या. "आता फक्त तोंड बंद करायला शिका."

ते शिकवायचं काम सोनलकडं आलं. सोनल कंपनीची सगळ्यांत पक्की ड्रायव्हर. काळा कोट, हातात पांढरे मोजे, चेहऱ्यावर सुरकुती हलायची नाही. तिची परीक्षा घ्यायची तऱ्हा वेगळी होती. ती मागच्या सीटवर बसायची, पर्समधून काजळाची डबी आणि आरसा काढायची आणि म्हणायची, "चला काका, भिगवण रस्त्यानं. मी काजळ घालते." पहिल्या दिवशी एका स्पीडब्रेकरवर काजळ कानापर्यंत गेलं. सर्जेराव मागं वळून "आई गं, तमाशात उभी र्‍हायलीस बघ" असं म्हणाला, आणि त्या दिवशी दोनदा नापास झाला. एकदा ब्रेकसाठी, एकदा बोलण्यासाठी.

"आरशातून मागं बघायचं न्हाय," सोनल बजावायची. "विचारलं तरच बोलायचं. गाडीत ऐकलं ते गाडीतच सोडायचं. आणि प्रवासी म्हणंल ते खरं. तो म्हणाला आज अमावस्या, तर अमावस्या."

"आन् पौर्णिमा आसली तर?"

"तर चंद्राकडं बघायचं न्हाय."

हळूहळू काजळ जागेवर राहायला लागलं. सर्जेरावाला पांढरा गणवेश मिळाला, टोपी मिळाली. पाण्याच्या बाटल्या कुठं ठेवायच्या, दार कोणत्या हातानं धरायचं, सगळं जमलं. बोलणं तेवढं घशाशी येऊन अडायचं आणि त्याला खोकल्याची उबळ यायची. काही प्रवाशांनी त्याला खोकल्याची गोळीही दिली.

आणि मग सांगवीच्या आप्पासाहेबांचं काम आलं.

आप्पासाहेब म्हणजे भाजीपाल्याचे बागायतदार. वांगी, ढोबळी मिरची, सगळं पुण्याच्या मार्केटला. खाऊनपिऊन सुखी, पण मिजास त्याहून मोठी. पुतण्या राजवर्धन डेअरीत इंजिनिअर, त्याच्यासाठी इंदापूरची मुलगी बघायला निघाले होते. काळ्या गाडीत बसल्या बसल्या त्यांनी सर्जेरावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"हे बघा, तितं गेल्यावर गाडी आमची. तुमी आमच्या घरचे ड्रायव्हर. लई वर्सांपासून हाय आमच्याकडं. समजलं का?"

"काका, कशाला हे?" राजवर्धन शेजारून म्हणाला. पोरगा शांत, पण त्या वेळी कान लाल झालेले. "आपलं हाय ते काय कमी हाय?"

"तुला न्हाय कळायचं. पोरगी बघायला जाताना दारात उभी काय हाय त्येच्यावर समदं ठरतं."

सर्जेरावानं सोनलचा नियम आठवला. "व्हय साहेब," तो म्हणाला. "गाडी तुमची, मी तुमचा." आणि मनातल्या मनात त्याला जरा बरंच वाटलं. आज निदान कुणीतरी काहीतरी विचारणार होतं.

इंदापूरच्या अलीकडं, उजनीचं पाणी दिसायला लागतं त्या अंगाला, विजयसिंहांचा बंगला होता. भोवती डाळिंबाची बाग. काळी गाडी फाटकातून आत वळली आणि सर्जेरावाचा पाय ब्रेकवर जरा जास्तच पडला. अंगणात एक लांबलचक पांढरी गाडी उभी होती. ती गाडी त्यानं कालच धुतली होती. आणि तिच्या शेजारी काळ्या कोटात, पांढऱ्या मोज्यांत, ताठ उभी होती सोनल.

दोघांची नजरानजर झाली. सोनलच्या डोळ्याची पापणी हलली नाही. ती सर्जेरावाच्या आरपार बघून मागच्या नारळाच्या झाडाकडं बघत राहिली.

"या, या!" विजयसिंह पायऱ्या उतरून आले. उंचपुरे, मिशा वळवलेल्या. "वाटंत तरास न्हाय ना झाला? ही आमची सोनल. घरची गाडी हीच चालवती. आमच्या सुप्रियानं हट्टच धरला, की बाबा, ड्रायव्हर पायजे तर बाईच पायजे."

"व्हय का? वा!" आप्पासाहेब पांढऱ्या गाडीकडं बघत म्हणाले. त्यांची छाती थोडी खाली गेलेली सर्जेरावाला स्पष्ट दिसली. पण लगेच त्यांनी ती वर ओढली. "हे आमचे सर्जेराव. घरच्यासारखंच म्हणा."

मंडळी आत गेली. मुलगी, चहा, पोहे, ओळखी सुरू झाल्या. दोन्ही ड्रायव्हर बाहेर व्हरांड्यात. सर्जेराव तोंडावर हात धरून कुजबुजला, "मास्तरीणबाई, तुमी हितं कशा?"

"मी हितंच असती," सोनल नारळाला सांगावं तसं म्हणाली. "घरची हाय."

तेवढ्यात पोह्यांच्या दोन बशा आणि चहा घेऊन विजयसिंहांची थोरली बहीण, छबूबाई, बाहेर आली. मुलीची आत्या, आजच सासरहून आलेली. अंगापिंडानं ठेंगणी, पण डोळे असे की समोरच्याच्या खिशातलं दिसावं. घरातलं खरं घरची माणसं सांगत नाहीत, ड्रायव्हर सांगतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं सर्जेरावापुढं बशी ठेवली आणि शेजारी पायरीवर बसकण मारली.

"मग? कवापास्नं हाय तुमी त्यांच्याकडं?"

सर्जेरावाच्या घशात इतक्या दिवसांचं अडलेलं सगळं एकदम वर आलं. विचारलं तर बोलायचं, असा नियमच होता.

"आत्याबाई, काय सांगू! राजवर्धन एवढासा हुता तवापास्नं. माझ्याच मांडीवर स्टिअरिंग धरायला शिकला. घर म्हणजे देवाघरचं. सकाळी उठलं की आप्पासाहेब पयलं मला इचारत्यात, सर्जेराव, चा झाला का? मगच सवता पित्यात."

"आन् दारूबिरू?"

"वासाला बी न्हाय. उलट मागं एकदा खोकल्याचं औषध घेतलं, तर त्येच्यात काय हाय म्हून डॉक्टरशी भांडले."

सोनल पोहे चघळत ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, पण कान सर्जेरावाकडं वळलेले. आतून आप्पासाहेब फोनचं निमित्त करून बाहेर आले आणि सरळ तिच्याकडं गेले. त्यांनाही तेच ठाऊक होतं, जे छबूबाईला ठाऊक होतं.

"काय गं पोरी, मालक कसं हायती?"

सोनलनं रुमालानं बोटं पुसली. "मालकांचं काय सांगू साहेब. मागं मला ताप आला, तर मालकांनी मला मागच्या सीटवर बसवलं आणि सवता गाडी चालवत दवाखान्यात नेलं. दार बी सवता उघडलं."

आप्पासाहेब मान डोलावत आत गेले. सर्जेरावाला ठसका लागला. त्याला गप्प बसायला शिकवणारी बाई डोळ्याला डोळा भिडवून असं फेकत होती, की त्याचं राजवर्धन-मांडी-स्टिअरिंग अगदीच मिळमिळीत वाटायला लागलं. ईर्षा पेटली. छबूबाईनं विचारलं, घरी राखणीला कुत्रं आहे का, तेव्हा त्यानं मागचापुढचा विचार केला नाही.

"हाय की! जर्मन हाय. लई शिस्तीचं. सगळं घर त्याला भितं... म्हंजी तिला. कुत्री हाय ती."

"नाव काय?"

सर्जेरावाला त्या घटकेला शिस्तीचं एकच नाव सुचलं.

"निकिता."

सोनलचा चहा नाकातून बाहेर आला. ती खोकत खोकत खांबाला धरून उभी राहिली. सावरल्यावर ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "आमच्याकडं बी हाय एक, आत्याबाईंना ठावं हाय. मागच्या गोठ्यातला रेडा. काम थोडं, वरडणं जास्त. त्याला हाका मारताना मी काय म्हणती, सांगू का?"

"नगं," सर्जेराव घाईनं म्हणाला.

भावाच्या गोठ्यात रेडा कधी आला, हे छबूबाईला कळेना. पण घरची गाडी म्हटल्यावर घरचा रेडाही असेल, म्हणून तिनं विषय सोडून दिला.

आतून हाक आली. विजयसिंहांना ओढ्याकडची दुसरी बाग दाखवायची होती. ठरलं असं, की वडीलधाऱ्यांनी पांढऱ्या गाडीतून जायचं आणि मुलामुलीनं काळ्या गाडीतून, म्हणजे त्यांना दोन शब्द बोलता येतील. सुप्रियानं निळी साडी नेसली होती, आणि गाडीत बसताना ती सर्जेरावाला स्वतःहून "थँक्यू काका" म्हणाली. शेतीशाळेत शिकवायची ती. बोलण्यात स्पष्ट.

गाडी निघाली. सर्जेरावानं आरशाकडं न बघता रस्त्यावर नजर खिळवली. बंगला मागं पडला. मग सुप्रियाच म्हणाली,

"खरं सांगू? ती पांढरी गाडी आमची न्हाय."

राजवर्धननं सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला, की काचेवर धुकं आलं. "ही बी आमची न्हाय."

"मला कळलंच हुतं. दोन्ही गाड्यांतल्या पाण्याच्या बाटल्यांवर बारामतीच्या एकाच गाड्यांच्या कंपनीचं नाव हाय. सकाळी पांढऱ्या गाडीतल्या मीच काढून लपवल्या. तुमच्या तशाच हायत." ती पुढं वाकली. "काय हो काका, खिडकीतनं अर्धंच ऐकू आलं, यांच्या घरच्या कुत्रीचं नाव काय म्हणालात आत्याला?"

आता विचारलंच होतं. "निकिता," सर्जेराव खालच्या आवाजात म्हणाला.

"आमच्याकडं कुत्रंच न्हाय," राजवर्धन म्हणाला. "निकिता कोण?"

"आमच्या मालकीणबाई."

मागच्या सीटवर आधी एकजण हसला, मग दोघं. हसणं थांबेना. सुप्रियानं डोळे पुसले, राजवर्धननं तिला टिश्यू दिला आणि तोच परत घेऊन स्वतःचे डोळे पुसले. सर्जेरावानं आरशात बघितलं नाही, पण त्याला न बघताही समजलं, की हितलं काम झालं.

बागेत वडीलधारी माणसं डाळिंबाच्या ओळींतून पुढं गेली. विजयसिंह हात पसरून पसरून हद्द दाखवत होते, आणि ती हद्द आप्पासाहेबांच्या मान डोलावण्याबरोबर वाढत होती. तेवढ्यात सुप्रिया आणि राजवर्धन दोन्ही ड्रायव्हरांजवळ आले.

"किल्ल्या बदला," सुप्रिया म्हणाली.

"काय?" सोनलच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच सुरकुती हलली.

"जाताना काकांनी पांढरी गाडी चालवायची, तुमी काळी. आमी तुमच्याबरोबर पुढं जातो. बघूया कोण काय म्हणतंय."

"मॅडम, कंपनीत कळलं तर—"

"प्रवासी म्हणंल ते खरं," सर्जेराव छाती काढून म्हणाला. "हिनंच शिकवलंय मला."

सोनलनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो एक पाऊल मागं सरला. पण तिनं किल्ली पुढं केली. तिच्या ओठाचा एक कोपरा वर गेला होता.

वडीलधारी मंडळी बागेतून परतली तेव्हा काळी गाडी नव्हती. पांढऱ्या गाडीचं दार उघडं धरून पांढऱ्या गणवेशातला सर्जेराव उभा होता. पाठ ताठ, नजर समोर. कारखान्यावर बघितलेल्या त्या ड्रायव्हरासारखाच.

विजयसिंह थांबले. "सोनल कुठं गेली?"

"काळी गाडी घिऊन पुढं गेली, साहेब. बसा."

विजयसिंहांनी आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेबांनी डाळिंबांकडं बघितलं. दोघं आत बसले, मध्ये छबूबाई. गाडी हलली.

"तुमचे ड्रायव्हर मोकळ्या मनाचे दिसतात," काही वेळानं विजयसिंह म्हणाले.

"व्हय. कुणाची बी गाडी चालवत्यात," आप्पासाहेब म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "म्हंजी, पावन्यांची."

"तुमची गाडी आमच्या सोनलच्या हातात हाय, काळजी करू नका."

"छ्या, काळजी कसली! जाऊ दे की. गाडीच हाय."

छबूबाई एकदा उजवीकडं बघायची, एकदा डावीकडं. मग तिनं गुडघ्यावर थाप मारली.

"थांबा जरा. एकाची गाडी अनोळखी बाई घिऊन गेली. दुसऱ्याची अनोळखी बाप्या चालवतोय. आन् दोघांपैकी एकाच्या बी कपाळाला आठी न्हाय! माझ्या दिराच्या जुन्या लुनाला कुणी हात लावला, तर त्यो जेवत न्हाय दिवसभर. विजय, गाडी तुझी हाय का?"

विजयसिंहांनी मिशी ओढली.

"आप्पासाहेब, तुमची?"

आप्पासाहेबांना अचानक खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं.

"सर्जेराव! तू सांग. कुणाचा तू?"

सर्जेरावाच्या जिभेवर सगळं तयार होतं. नावानिशी, कंपनीनिशी, सोनलच्या काजळानिशी. आयुष्यात एवढी मोठी गोष्ट सांगायची संधी त्याला आली नव्हती. पुढं वळण होतं. त्यानं गाडी वळणावरून अशी हळुवार काढली, की मागं कुणाला वळण कळलंही नाही. तो बोलला नाही.

त्या शांततेनंच काम केलं. मागच्या सीटवर दोघांचा धीर एकदमच सुटला.

"भाड्याची हाय," विजयसिंह म्हणाले.

"माझी बी," आप्पासाहेब म्हणाले.

"अहो मग आधी सांगायचं की!"

"तुमी सांगायचं की! पांढरी गाडी बघून माझा जीव खाली-वर झाला."

"आन् काळी वळली तवा माझा. मला वाटलं, ह्ये लई वरचं स्थळ, आपल्याला झेपायचं न्हाय."

मग दोघं जे हसायला लागले, ते छबूबाईच्या डोक्यावरून एकमेकांना टाळी देईपर्यंत. हसता हसता बाकीचंही बाहेर यायला लागलं. ओढ्यापलीकडची डाळिंबं शेजाऱ्याची होती, हे विजयसिंहांनी सांगितलं. "मला वाटलंच," आप्पासाहेब म्हणाले. "तितला माणूस आपल्याला बघून काठी शोधत हुता." मग त्यांनी सांगवीच्या बंगल्याचा वरचा मजला अजून कागदावरच असल्याचं कबूल केलं. ढोबळी मिरचीवरून सुरू झालेलं बोलणं ठिबकवर गेलं, ठिबकवरून पाण्यावर, आणि बंगला येईपर्यंत दोघं सख्खे भाऊ असल्यासारखे भांडत होते.

छबूबाई मात्र पुढं वाकून बघत होती. "आप्पासाहेब, ती कुत्री तरी खरी हाय का? निकिता?"

"कोण निकिता?"

सर्जेरावानं रस्त्याकडं बघितलं. रस्ता फार चांगला होता.

दुसऱ्या दिवशी बारामतीच्या ऑफिसात निकिता मॅडमनी दोघांना समोर उभं केलं. दोन्ही घरांचे फोन येऊन गेले होते. दोघांनीही ड्रायव्हरांची स्तुती केली होती आणि दोघांनीही हसता हसता कुत्रीचा विषय काढला होता.

"किल्ल्या बदलल्या," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर दोघांनाही घरी बसवीन."

"व्हय मॅडम," दोघं म्हणाले.

"आणि सर्जेराव. कुत्री कोणत्या जातीची सांगितली?"

"जर्मन, मॅडम. भारी. शिस्तीची."

मॅडमनी खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड केलं. बराच वेळ त्यांची फक्त पाठ दिसत होती, आणि ती हलत होती. "जा आता," आवाज आला. दोघं बाहेर पडले. दार लागताच सोनल म्हणाली, "काका, काल मोटारीत बोलला न्हाईत. मी मुद्दाम आत्याबाईंना इचारलं." तिनं कौतुक केलं की टोमणा मारला, हे सर्जेरावाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पण त्या दिवशी त्यानं घरी जाऊन पांढरा गणवेश स्वतःच्या हातानं इस्त्री केला.

लग्न हिवाळ्यात इंदापूरला झालं. आप्पासाहेबांनी सर्जेरावाला आणि सोनलला गाडीवर नव्हे, पंगतीला बोलावलं. सर्जेराव बायकोला घेऊन साध्या सदऱ्यात गेला. सोनल अबोली रंगाच्या साडीत आली, आणि ती सोनलच आहे हे कळायला त्याला वेळ लागला. वाढायला खुद्द विजयसिंह होते. छबूबाई जिलबीचं ताट घेऊन रांगेतून फिरत होती.

सर्जेरावाच्या शेजारी बसलेल्या एका पाहुण्यानं विचारलं, "तुमी कुणाकडचं? नवऱ्याकडचं का नवरीकडचं?"

सर्जेरावानं घास खाली ठेवला, मांडी नीट घातली आणि सांगायला सुरुवात केली. तिकडं नवरा-नवरीनं ताटं संपवून हात धुतले, मंडपातली अर्धी पंगत उठली, तरी पाहुण्याला अजून उत्तर मिळालं नव्हतं.